रोरी गॅलाहर : रंग उडालेली गिटार, जर्मेनियमची डबी आणि बाकीचं बरंच काही

आडवी_तार
रॉकच्या कुठल्याही धाग्यावर आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादक रोरी गॅलाहरचं नाव निघालं की चार जण त्या रंग उडालेल्या गिटारचा फोटो डकवतात, दोघे "बाप माणूस" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हा वेगळा धागा. त्याने काय काय केलं ते एकदा सलग लिहून ठेवू, आणि तो आवाज नेमका कशातून येत होता तेही.

आधी उच्चार. आडनावातला मधला 'ग' आयरिश लोक उच्चारत नाहीत. गॅलाघर नाही, गॅलॅगर नाही, गॅलाहर.

जन्म २ मार्च १९४८, आयर्लंडच्या वायव्य टोकाला डोनेगलमधलं बॅलीशॅनन. वडील तिथल्या जलविद्युत प्रकल्पाच्या नोकरीत. पुढे बिऱ्हाड उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात आणि मग दक्षिणेला कॉर्कमध्ये. पंधराव्या वर्षी तो 'फाँटाना' नावाच्या शोबँडमध्ये लागला. शोबँड म्हणजे सूटबूट घातलेला सात-आठ जणांचा ताफा, नाचघरात चालू हिट गाणी जशीच्या तशी वाजवणारा. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्राचं आयरिश भावंड म्हणा. त्याला ते मनापासून आवडत नव्हतं, पण रात्र रात्र उभं राहून वाजवायची सवय तिथे लागली. पुढच्या तीन-तीन तासांच्या मैफलींचं मूळ तिथे आहे.

१९६३ मध्ये कॉर्कच्या क्राउलीच्या दुकानातून त्याने ती गिटार घेतली. १९६१ ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर, सनबर्स्ट रंगाची, क्रमांक ६४३५१, सेकंडहँड, जवळपास शंभर पाउंडाला, हप्त्यांवर. आधीचा मालक रॉयल शोबँडचा गिटारवादक जिम कॉन्लन. त्याला लाल हवी होती, म्हणून ही विकायला आली. आयर्लंडमधली ही पहिलीच स्ट्रॅटोकास्टर असं सांगतात.

१९६६ मध्ये कॉर्कमध्ये 'टेस्ट' हा त्रिकुटाचा बँड. १९६८ पासून त्यात रिचर्ड मॅकक्रॅकन बेसवर आणि जॉन विल्सन ड्रम्सवर. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये क्रीम या बँडची निरोपाची मैफल झाली, तिच्या आधी वाजवणाऱ्यांत टेस्ट होता. १९७० चा आइल ऑफ वाइट महोत्सव गाजवला आणि वर्ष संपता संपता बँड फुटला. कारण पैशांचे व्यवहार. त्या फुटीनंतर रोरीने टेस्टची गाणी मंचावर वाजवणं कितीतरी वर्षं बंद ठेवलं.

एकट्याच्या नावावरची कारकीर्द १९७१ पासून. ती पुढच्या प्रतिसादांत येईलच.

खडूस_कान
चांगलं केलंत. नव्याने ऐकणाऱ्याने कुठून सुरुवात करावी तेवढं सांगतो, कारण बहुतेक लोक 'बेस्ट ऑफ' लावतात आणि फसतात. हा माणूस स्टुडिओत अर्धाच दिसतो.

पहिला ऐकायचा अल्बम 'आयरिश टूर ७४'. जानेवारी १९७४, बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क, रॉनी लेनचा फिरता स्टुडिओ दाराशी उभा. बेलफास्टमध्ये तेव्हा बाँब फुटत होते, बाहेरचे नावाजलेले बँड तिकडे फिरकत नव्हते. हा दरवर्षी अल्स्टर हॉलमध्ये जाऊन वाजवत राहिला, आणि तिथे कॅथलिक-प्रॉटेस्टंट पोरं एकाच छताखाली उभी राहायची. याच दौऱ्यावर टोनी पामरने माहितीपट केला, तोही बघा.

त्यातली दोन गाणी पाठोपाठ ऐका: 'अ मिलियन माइल्स अवे' आणि 'वॉक ऑन हॉट कोल्स'. पहिल्यात गिटार किती हळू येते आणि मधल्या भागात जवळजवळ नाहीशी होते, तिकडे लक्ष द्या. त्या जागी त्याने कुठलाही पेडल दाबलेला नाही. करंगळीने व्हॉल्यूमचं बटण खाली आणलंय, बस्स.

त्यानंतर 'लाइव्ह इन युरोप' (१९७२), मग स्टुडिओतले 'टॅटू' (१९७३) आणि 'कॉलिंग कार्ड' (१९७६). 'कॉलिंग कार्ड'चा निर्माता डीप पर्पल बँडचा रॉजर ग्लोव्हर. त्यात जॅझचा वास आहे आणि रोरीच्या बँडमधल्या लू मार्टिनच्या पियानोला मोकळी जागा मिळालीय.

सोल्डरवाला
आता आवाज. १९७० च्या दशकातल्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगवरचा आवाज तीन गोष्टींचा: स्ट्रॅट (म्हणजे ती स्ट्रॅटोकास्टर), डॅलस रेंजमास्टर ही ट्रेबल बूस्टरची, म्हणजे वरच्या सुरांना जोर देणारी डबी, आणि व्हॉक्स एसी-३० हा अ‍ॅम्प. बाकी काही नाही.

रेंजमास्टरमध्ये पोटात एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर, ओसी-४४. भाग मोजून नऊ-दहा. ज्यांना घरी बांधायचीय त्यांच्यासाठी:

इनपुट कपॅसिटर ५ नॅनोफॅरड (बाजारात ४.७ मिळतो, चालतो). ट्रान्झिस्टरच्या बेसवर विभाजक: ४७० किलोओहम ऋण पुरवठ्याकडे, ६८ किलोओहम ग्राउंडकडे. एमिटरला ३.९ किलोओहम आणि त्याला समांतर ४७ मायक्रोफॅरड. कलेक्टरला १० किलोओहमचं पॉट, तेच 'बूस्ट'चं बटण. बाहेर पडताना १० नॅनोफॅरड. नऊ व्होल्टची बॅटरी.

सगळी गंमत त्या पाच नॅनोफॅरडमध्ये आहे. कपॅसिटर एवढा छोटा असल्यामुळे खालचे सूर आतच येत नाहीत. वरच्या आणि मधल्या सुरांनाच जोर मिळतो आणि तेवढेच जाऊन अ‍ॅम्पच्या पहिल्या व्हॉल्व्हवर आदळतात. एसी-३० मुळात गडद, फुल व्हॉल्यूमवर तर खालचा भाग पिठल्यासारखा गिचका होतो. डबी तो गिचका आत जाण्याआधीच गाळते. म्हणून डबी एकटी ऐकली तर पत्र्यासारखी चिरकी वाटते आणि अ‍ॅम्पसोबत एकदम भरते.

चुका कुठे होतात:

१) ओसी-४४ पीएनपी आहे, म्हणून बॅटरीचं धन टोक ग्राउंडला. बाकीच्या पेडलांसोबत एकाच अ‍ॅडॉप्टरच्या साखळीवर ही डबी लावली की सरळ शॉर्ट. तिला बॅटरीच द्या, नाहीतर वेगळं, आयसोलेटेड आउटपुट. वीज एक मिलिअँपियरही लागत नाही, बॅटरी महिनोन्‌महिने चालते.

२) तिच्या आधी बफरवाला पेडल किंवा वायरलेस ठेवू नका. गिटारनंतर पहिली तीच. डबीचा इनपुट इंपिडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) कमी आहे. गिटारच्या पिकअपवर (तारांखालच्या चुंबकी गुंडाळ्यांवर) तो थेट भार टाकतो, आणि व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज जो स्वच्छ होतो तो त्यामुळेच. मध्ये बफर आला की हे नातं तुटतं, आवाज कर्कश होतो आणि करंगळीची करामत चालत नाही.

३) कलेक्टरवर ग्राउंडच्या तुलनेत सुमारे उणे सात व्होल्ट यायला हवेत. मीटर लावून बघा. अंदाजाने सोडू नका.

पावशेर_हार्मोनी
@सोल्डरवाला, उणे सात हिवाळ्यात मिळतात हो! नागपूरच्या मे महिन्यात, पत्र्याच्या प्रॅक्टिस रूममध्ये, कलेक्टर उणे पाचच्याही पलीकडे, शून्याकडे घसरतो आणि नोट शेवटाला फुर्रकन मरते. ट्रान्झिस्टर बदलून बदलून लोक थकतात. दोष ट्रान्झिस्टरचा की हवेचा?

सोल्डरवाला
दोन्हींचा. जर्मेनियमचा लीकेज करंट तापमानाबरोबर भराभर वाढतो. साध्या भाषेत, सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टरमधून प्रवाह झिरपत राहतो, १० किलोओहमवर जास्त व्होल्ट पडतात आणि कलेक्टर ग्राउंडकडे सरकतो. मग सिग्नलला एका बाजूला हलायला जागाच उरत नाही.

उपाय असे. ४७० किलोओहमच्या जागी एक मेगओहमचा ट्रिमपॉट बसवा. गरमीत किंमत वाढवायची, म्हणजे बेसचा प्रवाह कमी होतो आणि कलेक्टर परत उणे सातवर येतो. थंडीत उलट. हे सेटिंग ज्या खोलीत वाजवणार त्याच खोलीत करा, एअरकंडिशनरच्या गारव्यात बसून नाही. आणि सोल्डरिंग झाल्या झाल्या मोजू नका, ट्रान्झिस्टर हाताच्या उबेनेही हलतो. दहा मिनिटं तसाच राहू द्या.

ट्रान्झिस्टर विकत घेताना फक्त मीटरवरचा एचएफई (गेन) बघून घेऊ नका. स्वस्त मीटर लीकेजही गेनमध्येच मोजतो, त्यामुळे गळका ट्रान्झिस्टर मीटरवर तगडा दिसतो. लीकेज वेगळा मोजून देणाऱ्याकडूनच घ्या. खरा गेन ७० ते १२० आणि लीकेज २०० मायक्रोअँपियरच्या आत असला की झालं.

अगदीच वैताग आला तर पीएनपी सिलिकॉन टाका. गरमीचा प्रश्न मिटतो. बायस मात्र नव्याने लावावा लागतो आणि वरची धार थोडी काचेसारखी होते.

मी_पण_ऐकतो
पण मुळात तो आवाज लाकडामुळे नाही का? रंग पूर्ण गेल्यामुळे लाकूड मोकळं झालं, श्वास घेऊ लागलं, म्हणून तशी घुमते, असं सगळीकडे वाचलंय.

आडवी_तार
लाकूड श्वास वगैरे घेत नाही हो. :)

रंग गेला त्याची कारणं साधी आहेत. जुन्या फेंडरवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर असायचा. तो पातळ, घाम लागला की मऊ पडतो आणि टवके उडतात. रोरीला घाम प्रचंड यायचा, आणि वर्षातले कितीतरी दिवस तो मंचावर. त्यात ही गिटार साठच्या दशकात डब्लिनमधून चोरीला गेली आणि काही दिवसांनी एका चरात टाकलेली सापडली, पावसात भिजलेली. त्याच्या घामात काही खास रसायन होतं वगैरे गोष्टी चवीपुरत्या घ्या.

घामाचा खरा परिणाम मानेवर झाला. ओल शोषून मान वाकली, म्हणून ती काढून दुसरी बसवावी लागली. वाळून सरळ झाल्यावर मूळची मान परत आली. बाकी पूर्ण गिटारवर ठिगळं आहेत: खुंट्या एका संचातल्या नाहीत, बाराव्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) एक ठिपका पडला तिथे प्लास्टिकचा बसवलाय, पिकअप पुन्हा गुंडाळलेत, ट्रेमोलोच्या (दांडीने सूर वरखाली हलवणाऱ्या ब्रिजच्या) मागे लाकडाचा ठोकळा ठोकून तो हलूच नये असं केलंय. हे शेवटचं महत्त्वाचं. ट्रेमोलो तरंगता असेल तर एक तार ओढली की बाकीच्या पाच उतरतात, आणि एक तुटली की सगळंच बेसूर. ठोकळा बसवला की त्याच गिटारवर दोन सुरांचे बेंड (तार ओढून सूर चढवणं) निर्धास्त घेता येतात.

स्लाइड_सदाशिव
स्लाइडबद्दल, म्हणजे बोटात नळी घालून ती तारांवर सरकवत वाजवण्याबद्दल, कुणी बोललं नाही अजून. स्लाइडला तो बऱ्याचदा टेलिकास्टर घ्यायचा, आणि 'अ‍ॅज द क्रो फ्लाइज'सारख्या एकट्याने वाजवायच्या गाण्याला नॅशनलचा धातूचा रेझोनेटर. (हे गाणं त्याचं नाही, टोनी जो व्हाइटचं. लोक रोरीच्या नावावर खपवतात.)

ज्यांना स्लाइड शिकायचीय त्यांच्यासाठी: ओपन 'ए' मध्ये (मोकळ्या तारा छेडल्या की ए कॉर्ड वाजतो असं ट्यूनिंग) चौथी, तिसरी आणि दुसरी तार प्रत्येकी एक सूर वर चढवावी लागते. चौथी डी ची ई, तिसरी जी ची ए, दुसरी बी ची सी शार्प. मानेवर ताण वाढतो, जुनी तार असेल तर दुसरी हमखास तुटते. त्यापेक्षा ओपन 'जी' लावा: सहावी ई ची डी, पाचवी ए ची जी, पहिली ई ची डी. तारा फक्त उतरवायच्यात. मग दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा). सूर तेच मिळतात, तार वाचते.

स्लाइड फ्रेटच्या मधल्या जागेत नाही, बरोबर धातूच्या पट्टीच्या वर. दाबायची नाही, नुसती टेकवायची. खडखड होत असेल तर तारा फार खाली आहेत. किणकिण असे भुताटकीचे सूर मागून येत असतील तर स्लाइडच्या मागची बोटं तारांवर हलकी ठेवा. नव्याने वाजवणारे दहापैकी नऊ जण ही बोटं हवेत ठेवतात.

खडूस_कान
आणि 'आउट ऑन द वेस्टर्न प्लेन' विसरू नका. मूळ लेडबेलीचं, 'अगेन्स्ट द ग्रेन' (१९७५) वर. लेडबेली अमेरिकेतल्या दक्षिणेचा, पण रोरीने ते डी-ए-डी-जी-ए-डी ट्यूनिंगमध्ये नेलं आणि काउबॉयचं गाणं एकदम आयरिश होऊन गेलं. हे ट्यूनिंग ब्रिटिश-आयरिश लोकसंगीतवाल्यांचं. त्यात 'तिसरा' सूर (आपला गांधार) मोकळ्या तारांमध्ये नसतोच, त्यामुळे ना मेजर ना मायनर, अधांतरी लटकतं. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला हे चटकन भिडतं, करून बघा.

लावायची पद्धत: सहावी ई वरून डी वर, मोकळ्या चौथीशी एक सप्तक खाली जुळवायची. दुसरी बी वरून ए वर, तिसरीच्या दुसऱ्या फ्रेटशी जुळवायची. पहिली ई वरून डी वर, दुसरीच्या पाचव्या फ्रेटशी. मधल्या तिघींना हात लावू नका. उतरवलेल्या तारा पाच मिनिटांत पुन्हा थोड्या सरकतात, म्हणून थोड्या जास्त उतरवून मग वर चढवत आणा. वरून खाली येऊन थांबलेली खुंटी सैल राहते.

कवडसा
तुम्ही सगळे तारा नि डब्यांतच अडकलात. हा गाणी लिहिणारा माणूस होता हे कुणी म्हणणार आहे का?

'टॅटूड लेडी' ऐका. जत्रेतल्या खेळवाल्यांचं गाणं. रात्री तंबू गुंडाळून पुढच्या गावाला निघणाऱ्या माणसांबद्दल, आणि अर्थातच दौऱ्यांवर आयुष्य काढणाऱ्या त्याच्याबद्दलही. स्वतःचं नाव न घेता. ही त्याची खोडच आहे. पुढे गुप्तहेर-कथांचा नाद लागला तेव्हा 'फिल्बी' आलं (टॉप प्रायॉरिटी, १९७९), ब्रिटनमध्ये राहून सोव्हिएतसाठी हेरगिरी करणाऱ्या किम फिल्बीवर. हेरही हॉटेलांतून राहतो, नाव बदलतो, घरी कधीच नसतो. आपल्या वाचकांना गंमत म्हणजे त्यात कोरलची इलेक्ट्रिक सितार वाजते. ती प्रत्यक्षात गिटारच, ब्रिज चपटा ठेवून तारेची झणझण आणलेली. जवारीची नक्कलच म्हणायची. नंतरचं 'कॉन्टिनेंटल ऑप' (डिफेंडर, १९८७) हे अमेरिकी कथाकार डॅशिअल हॅमेटच्या गुप्तहेरावर.

शब्द साधे आहेत, हे मान्य. पण एका वाक्यात जागा आणि वेळ उभी करणं त्याला जमायचं. ब्लूजमधल्या 'बाई सोडून गेली'च्या पलीकडे जाऊन लिहिणारे गोरे ब्लूजवाले त्या काळात फार नव्हते.

मी_पण_ऐकतो
रोलिंग स्टोन्सने ऑडिशन घेऊन नाकारलं होतं ना त्याला?

कवडसा
नाही. डिसेंबर १९७४ मध्ये गिटारवादक मिक टेलरने स्टोन्स सोडले. जानेवारी १९७५ मध्ये स्टोन्स रॉटरडॅममध्ये होते, त्यांनी रोरीला बोलावलं, काही रात्री एकत्र वाजवणं झालं. त्याचा जपानचा दौरा आधीच ठरला होता. पक्कं असं कुणी काही बोललं नाही, आणि तो गिटार उचलून जपानला गेला. हा 'नकार' कुणाचा म्हणायचा ते तुम्हीच ठरवा. दौऱ्याची तिकिटं विकली गेली असतील तर तो जाणार, एवढा साधा हिशोब.

सिंगल्स काढायलाही त्याचा असाच विरोध होता. गाणं कापून तीन मिनिटांचं करणं त्याला पटत नव्हतं. रेकॉर्ड विकल्या गेल्या त्या मैफलींच्या जोरावर.

आडवी_तार
१९७७-७८ चा किस्सा इथे बसतो. सॅन फ्रान्सिस्कोला निर्माता एलियट मेझरसोबत पूर्ण अल्बम रेकॉर्ड केला, मिक्सिंग पटलं नाही, रोरीने तो चक्क रद्द केला. महिन्यांचं काम, सगळा खर्च पाण्यात. त्यानंतर पियानो आणि जुना ड्रमर दोन्ही सोडले, टेड मॅकेना ड्रम्सवर, गेरी मॅकअ‍ॅव्हॉय बेसवर कायम, पुन्हा त्रिकूट. जर्मनीत जाऊन 'फोटो-फिनिश' (१९७८) केला. रद्द झालेलं ते रेकॉर्डिंग २०११ मध्ये 'नोट्स फ्रॉम सॅन फ्रान्सिस्को' म्हणून बाहेर आलं. दोन्ही शेजारी ठेवून ऐकलं तर तो कशावर चिडला ते कळतं: सॅन फ्रान्सिस्कोच्या मिक्समध्ये प्रत्येक वाद्य स्वच्छ वेगळं आहे, पण खोलीत सगळे एकत्र वाजवतायत असं वाटत नाही. माझं मत विचाराल तर काही गाणी तिकडचीच सरस आहेत. पण निर्णय त्याचा.

खडूस_कान
गेरी मॅकअ‍ॅव्हॉय १९७१ ते १९९१, वीस वर्षं. बेस शिकणाऱ्यांनी त्याला ऐकावं. रोरी सोलोत शिरला की मागे कॉर्ड धरणारं कुणी उरत नाही. ती पोकळी मॅकअ‍ॅव्हॉय आठव्या भागातल्या (एका ठोक्याला दोन) सलग स्वरांनी भरतो. तिघांच्या बँडमध्ये सोलो सुरू होताच आवाज पोकळ होत असेल तर बहुधा चूक गिटारवाल्याची नसते, बेसवाल्याने त्याच वेळी जागा सोडलेली असते.

पावशेर_हार्मोनी
शेवटाबद्दल कुणी लिहील का नीट? नेटवर 'दारूने गेला' एवढंच सापडतं.

कवडसा
अर्धवट आहे ते. विमानप्रवासाची भीती होती, त्यासाठी दिलेली गुंगीची औषधं वर्षानुवर्षं चालू राहिली, सोबत दारू. दोन्हींनी मिळून यकृत गेलं. शेवटची मैफल १० जानेवारी १९९५, रॉटरडॅम. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये यकृताचं प्रत्यारोपण झालं, ते व्यवस्थित झालं होतं, पण नंतर जंतुसंसर्ग झाला आणि १४ जून १९९५ रोजी तो गेला. वय ४७. कॉर्कजवळ बॅलिनकॉलिगला दफन केलं.

गिटार भाऊ डोनलकडे राहिली. १७ ऑक्टोबर २०२४ ला लंडनमध्ये लिलाव झाला, कमिशन धरून ८,८९,४०० पाउंड. घेणारी आयर्लंडमधली मैफली भरवणारी कंपनी, तिने ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली. त्यामुळे आयर्लंडच्या बाहेर गेली नाही.

मी_पण_ऐकतो
सगळं वाचून 'लाइव्ह इन युरोप' लावलं. 'गोइंग टू माय होमटाउन'मध्ये ते वाद्य कुठलं? गिटार वाटत नाही.

स्लाइड_सदाशिव
मँडोलिन. आठ तारा, चार जोड्या, ट्यूनिंग व्हायोलिनचं: जी, डी, ए, ई. त्यात विशेष काही नाही, उजव्या हातात आहे. पिक खाली-वर न थांबता, आणि पाय लाकडी मंचावर आपटतोय तो ड्रम. घरी करून बघायचं तर आधी एकाच जोडीवर नुसता पायाचा ठेका पक्का करा. ए आणि ई च्या जोड्या नीट मिळालेल्या नसतील तर अ‍ॅम्पमधून लगेच 'वॉव वॉव' ऐकू येतं, वाजवण्याआधी त्या दोन जोड्या एकेक तार दाबून तपासा.